रिकामं कुठून करणार?

सुदामा नगर, दुसरा मजला, मे महिना.
भिंतीवर एक्केचाळीस,
टेबलाखालच्या खोक्यात ग्राफिक कार्ड त्र्याऐंशीवर.
एका सराफाच्या जाहिरातीतली नथ
काल संध्याकाळपासून रेंडर होते आहे.
नथीला एकवीस मोती,
आणि प्रत्येक मोत्यात बाकीचे वीस दिसायला हवेत,
असं गिऱ्हाईक म्हणतं.
पंखे असे किंचाळतात
की आतल्या खोलीतून बाबा विचारतात,
"मिक्सर चालू राहिला का गं?"

म्हणून पाणी.

आलेखाच्या कागदावर मी खोका काढला.
इथे टाकी. तिच्या पोटाखाली पंप,
कारण कोरडा फिरला तर तो जळतो.
पंपातून प्रोसेसरकडे, तिथून कार्डाकडे,
मग वर, छताला टांगलेल्या रेडिएटरमध्ये,
आणि परत टाकीत.
आधी कोण, नंतर कोण,
यावर तीन रात्री घालवल्या.
मग कळलं, फरक एखाद्या अंशाचा.
पाणी इतकं भरभर फिरतं
की त्याला रांग समजतच नाही.

सियागंजात जुझरभाईंनी सरावासाठी नळी कापून दिली,
आतून दहा, बाहेरून सोळा मिलीमीटर,
आणि शेजारच्या दुकानाकडे हाक मारली,
"सुन भिया, बहनजी कंप्यूटर में पानी डाल रही हैं."
मी हसले. पैसे त्यांनी घेतले नाहीत.
डिस्टिल्ड वॉटरचा कॅन छावणीतल्या बॅटरीवाल्याकडून.
रंग नको, रंग गाळ धरतो.
तांबं आणि ॲल्युमिनियम एका पाण्यात नकोत,
एकमेकांना खातात, हळूहळू, आवाज न करता.
(एक जोडपं आठवलं. नाव लिहीत नाही.)

आणि एक गोष्ट, जी वाचून मी विसरायला बघते:
पाणी काहीच थंड करत नाही.
इथली उष्णता उचलून तिथे नेऊन ठेवतं.
तिथे म्हणजे याच खोलीत.
म्हणजे माझ्याच मानेवर.

बाबांनी कागद भिंगाखाली धरला.
अठ्ठावीस वर्षं जलूदच्या पंपांवर होते ते;
नर्मदा त्यांच्या पाळीत घाट चढून इंदूरला यायची.
"हेड किती?"
"अर्धा मीटर, बाबा."
ते इतके हसले की चष्मा काढावा लागला.
मग बोट वरच्या वळणावर.
"हवा इथे अडकेल."
खोका तिरका करून काढीन, मी म्हटलं.
"बरं. आणि रिकामं कुठून करणार?"

रिकामं?

पंखे ओरडत होते. मी कागदाकडे बघत राहिले.
टाकी होती, पंप होता, सगळी वळणं होती,
पाणी कुठून शिरेल ते लाल पेनाने लिहिलं होतं.
बाबांनी एका पावसाळ्यातली गोष्ट सांगितली:
लाइनच्या एका खोलगट जागी ठेकेदाराने वॉशआउट गाळला होता,
सांधा फुटला,
आणि चौदा माणसं दोन दिवस चिखलात बादल्या घेऊन.
"भरायचं सगळ्यांनाच सुचतं," ते म्हणाले,
आणि माझ्याकडून पेन्सिल घेतली.

पंपाच्याही खाली, खोक्याच्या तळाशी,
एक छोटा उलटा टी.
त्याच्या पायाशी व्हॉल्व्ह.
बाजूला तारीख, आद्याक्षरं,
जणू कुणी वरिष्ठ सही तपासणार आहे.

आठाचे अकरा सांधे झाले.
अकरा सांध्यांखाली अकरा टिशू पेपर,
चोवीस तास, वीज फक्त पंपाला.
त्या रात्री जागायचं बाबांनी आपणहून ठरवलंय.
गळती त्यांना झोपेतही ऐकू येते म्हणे.
मला वाटतं, त्यांना पाळी हवी आहे.

नथ एकोणसत्तर टक्क्यांवर.
बाबा कपाटात पट्टी शोधताहेत,
माझा नकाशा, म्हणतात, स्केलमध्ये नाही.